निशाताईचा किनारा

आमच्या निशाताईला कोणी उचललेलं चालत नाही. मीरा रोडच्या आमच्या पूनम सागर सोसायटीत हे वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्ट बंद पडली की एखादा नवखा उत्साही माणूस पुढे होतो आणि ताईचं ‘हात मागे घ्या’ ऐकून भिंतीला चिकटतो. ताई माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, धम्मदीपची, थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून एका पायाला कॅलिपरचा बूट आणि काखेत कुबड्या. त्या कुबड्यांवरच ती पोस्टात नोकरीला लागली, साइड व्हीलची स्कूटर घेतली आणि धाकट्या भावाचं लग्न लावून दिलं. मला पसंत केलं तेही तिनेच. तिचा मला अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवते.

माझा स्वभाव मात्र कडक. बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आली की माझं डोकं फिरतं. घरातले सगळे मला टरकून असतात, ताई सोडून.

तर, ताईचा पन्नासावा वाढदिवस आला. काय करायचं विचारलं तर म्हणाली, “समुद्रावर जायचं. पाण्यात उभं राहायचं.”

समुद्र आमच्या एवढा जवळ, पण ताई कधी पाण्यापर्यंत गेलेली नव्हती. कोरड्या वाळूत कुबडी रुतते. शाळेच्या सहलीत शिपायाने खांद्यावर बसवून तिला समुद्र दाखवला होता. बाकीची पोरं लाटांत नाचत होती आणि ही वरून बघत होती. “गोणीसारखी नेली, गोणीसारखी आणली,” एवढंच ती त्या सहलीबद्दल सांगते.

धम्मदीप लगेच मोबाइलवर रिसॉर्ट दाखवायला लागला. याचा स्विमिंग पूल बघ, त्याचा नाश्ता बघ. ताई म्हणाली, “नाश्ता घरी करू. मी वाळू बघून येते.”

मग दर रविवारी ताई पुढे, मी मागे, अशी आमची स्कूटर भाईंदर पश्चिमेहून राई गाव मागे टाकून उत्तनकडे निघायची. पहिल्याच रिसॉर्टचा मॅनेजर छाती फुगवून म्हणाला, “मॅडम, एकदम बीच टच है!” टच होता, पण मधे उभ्या पायऱ्या, धरायला कठडा नाही. “हम उठा के ले जाएंगे ना!” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईने स्कूटर वळवली. दुसऱ्या ठिकाणी शेवाळलेले खडक. तिसरा किनारा बघून तर मी खूश झाले, पण पाण्याच्या आधी भुसभुशीत वाळूचा हा रुंद पट्टा. उन्हाने माझं डोकं उठलं होतं. मी बोलून गेले, “ताई, एकदा उचलून नेलं तर काय बिघडेल?”

घरी पोचताच ती स्कूटरची किल्ली टेबलावर आपटून आत निघून गेली. आमच्या सासूबाई, तुळसाबाई, मूळच्या परभणीकडच्या. मी भाजी चिरत त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “महाडाला तळ्यावर गेली ती आपली मानसं कुनाच्या कडंवर बसून गेली नव्हती, रश्मी. चालत गेली.”

दर वर्षी वीस मार्चला मी या घराबरोबर चवदार तळ्यावर जाते. पण त्या चालण्याचा अर्थ मला विळीसमोर बसून कळला. पुढच्या रविवारी ताईच्या आधी मीच खाली उतरून स्कूटरजवळ उभी होते.

त्या दिवशी किनारा सापडला. नाव सांगत नाही, नाहीतर सुट्टीला अख्खा मीरा रोड तिथे उतरेल. तिथे रिसॉर्ट नाही, कोळ्यांच्या होड्या आहेत. एक होडी वर ओढणं चाललं होतं. वाळूवर तेलकट फळ्या टाकायच्या, होडी पुढे सरकली की मागची फळी काढून पुढे टाकायची. ताई स्कूटर बंद करून बघत बसली. बस्त्याव नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, “काय बघतंस, पोरी?”

“मला या फळ्यांवरून पाण्यात जायचंय.”

“फळ्या कशाला? माझे पोरगे हायत, उचलून नेतील.”

“उचलायचं नाही.”

बस्त्यावकाकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “मग ओहोटीला ये. पाण्याजवळची वाळू घट्ट हाय, तिथं फळी लागायची न्हाय.”

वाढदिवसाला मी हौसेने रेशमी साडी नेसले होते. काकांनी एक फळी माझ्या हातात दिली आणि साडीची वाट लागली. ताईने कुबडी टेकली, पाऊल टाकलं. मागची फळी मी उचलायची, धम्मदीपने पुढे टाकायची. सासूबाई पदर खोचून फळीवरची वाळू हाताने झाडत होत्या. कोरड्या वाळूचा पट्टा अर्धा सरला आणि तेलकट लाकडावर कुबडी घसरली. ताई आडवी पडली. आम्ही सगळे धावलो.

“कोणी हात लावायचा नाही!”

आम्ही जागच्या जागी थांबलो. धम्मदीपचे डोळे भरून आले होते. ताई कोपरावर उठली, मग गुडघ्यावर, मग कुबडी रोवून उभी राहिली. बस्त्यावकाकांनी त्या फळीवर मूठभर कोरडी वाळू टाकली, घसरू नये म्हणून. आम्ही पुन्हा सुरू झालो. शेवटच्या फळीवरून ताई ओल्या वाळूवर उतरली आणि तशीच, कॅलिपरच्या बुटासकट, पाण्यात गेली. लाट गुडघ्यापर्यंत आली तरी ती हलली नाही. तिला तशी उभी पाहून माझी मान ताठ झाली.

संध्याकाळी घरी आलो. सवयीने मी झाडू घेऊन दारात उभी राहिले. ताईने खुर्चीत बसून बूट काढला आणि माझ्या पुसलेल्या लादीवर उपडा केला. वाळूचा ढीग पडला.

“सहलीहून आलो तेव्हा सगळ्यांच्या बुटांतून वाळू निघाली होती, रश्मी,” ती म्हणाली. “माझ्या निघाली नव्हती.”

मी झाडू कोपऱ्यात ठेवला आणि घरात सगळ्यांना बजावलं, सकाळपर्यंत त्या वाळूला कोणी हात लावायचा नाही.