शेषराव मिस्त्रीची शेंदराची रेघ

एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर अमरावतीत आवई उठली, की शेषराव मिस्त्रीनं अकोल्याच्या मोरोपंत वकिलांच्या मोटारीवर करणी केली. गाडीच्या पोटाखाली म्हणे शेंदूर निघाला आणि तेव्हापासून गाडीनं गिअर बदलायचं सोडलं. सकाळी नळावर निघालेल्या या बातमीला दुपारपर्यंत लिंबू लागलं, संध्याकाळी बिबा लागला आणि दुसऱ्या दिवशी एक काळी बाहुलीही तिच्या कडेवर बसली. आमच्या आळीत बातमी उपाशी राहत नाही. ज्या दारात जाईल तिथं चार घास खाऊनच पुढं निघते.

खरं एवढंच, की शेंदूर होता आणि तो शेषरावानंच लावला होता. करणी झाली, तीही खरी. पण ती गाडीवर नव्हे, शेषरावावर झाली. आणि करणारा घरचाच निघाला.

शेषराव माळ्याच्या घरचा. आई तानुबाई बाजारात वांगी आणि झेंडू विकायची आणि भावात घासाघीस करणाऱ्याला वांग्यापेक्षा जास्त काटे टोचायची. पोरगा मात्र मळ्यात रमला नाही. लढाईच्या दिवसांत तो आसामाकडे गेला आणि अमेरिकन फौजेच्या वर्कशॉपात तीन वर्षं रणगाड्यांखाली लोळून आला. त्यातल्या काही रणगाड्यांना क्लचच नसे. तेलाच्या जोरावर गिअर आपोआप पडत. ही विद्या घेऊन शेषराव परत आला खरा, पण वऱ्हाडात तसलं वाहनच नव्हतं. वाळवंटात पोहणं शिकवायला बसावं तशी त्याची गत. तो आपला मळ्याच्या कडेला लिंबाखाली सरकीच्या मालट्रकांची दुरुस्ती करत बसला.

फौजेतून त्यानं एक सवय मात्र आणली होती. तिकडं नट आवळला, की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढत. नट कुणी केसभर फिरवला तरी रेघ मोडते आणि चोरी पकडली जाते. इथं रंग कुठून आणणार? मळ्यातल्या मारुतीपुढं तानुबाईची शेंदराची डबी असे. तेलात कालवलेला शेंदूर वाळला, की नखानंही निघत नाही. शेषरावानं तोच धरला. तानुबाईला वाटलं, पोरगा लढाईहून देवभोळा होऊन आला. शेषरावानंही तिचा गैरसमज दूर केला नाही. आईला खूश ठेवायचा याहून स्वस्त उपाय नव्हता.

मोरोपंत वकील या गोष्टीत आले ते गुडघ्यामुळं. वकिलांचा डावा गुडघा असा धरला, की क्लच दाबताना ते कोर्टात कधी घेतली नसतील तेवढी देवाची नावं घेत. कुणी सांगितलं, इंदुराकडच्या एका जहागीरदाराच्या चिरंजीवांनी हौस फिटल्यावर बिनक्लचची अमेरिकन गाडी विकायला काढली आहे. वकिलांनी ती आणली. गाडी क्रीम रंगाची, कापडी टपाची, जमिनीला चिकटलेली, दोनच माणसांची आणि शर्यतीच्या घाटाची. पुढं सात-आठ वर्षांची जुनी झाली तरी रस्त्यानं निघाली की लोक दुकानातून बाहेर येत. वकिलांचा देह मात्र पावणेदोन माणसांचा. वकिलीणबाई उरलेल्या जागेत कशा बसत, हा अकोल्यातला बराच काळ न सुटलेला दावा होता.

ही गाडी समजणारा माणूस साऱ्या मुलखात एकच. वकील दर दोन महिन्यांनी मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून साठ मैल हाकत शेषरावाच्या लिंबाखाली येत. खाटेवर बसून तानुबाईच्या हातचं भरीत-भाकर खात आणि म्हणत, "शेषराव, तू माझा धाकटा भाऊ आहेस रे." शेषराव लाजून त्यांना रेघा दाखवायचा. "हे पाहा वकीलसाहेब, हे माह्ये साक्षीदार. माह्या मागं कोणी हात लावला, तर हेच सांगतीन."

एकसष्ट सालीच मोरोपंत आणि अकोल्याचे तीन जिनवाले, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे शेठ, मिळून मालट्रकांचं वर्कशॉप काढत होते. पत्र्याचं छत, विजेचे दिवे आणि मधोमध सिमेंटचा खड्डा. गाडी वर उभी राहणार आणि मिस्त्री खाली ताठ उभा राहून काम करणार! वीस वर्षं पाठीवर लोळलेल्या माणसाला त्या खड्ड्याचं काय वाटावं ते सांगून कळायचं नाही. शेषरावाला तो स्वप्नात दिसायचा. "लोक गड्ड्यात पडले की रडतेत," बायको जयवंता म्हणायची, "आमचा माणूस गड्ड्यासाठी रडून राह्यला!" हेडमिस्त्रीची जागा वकिलांनी शेषरावालाच कबूल केली होती. जिनवाल्यांनी गाडीतून एक फेरी मारून मिस्त्रीचा हात पाहायचा, एवढंच बाकी होतं.

आता या गोष्टीतला उरलेला माणूस. ओमप्रकाश, शेषरावाचा साडू. जयवंताची धाकटी बहीण शकुन त्याला दिलेली. अकोल्यात त्याचं लहानसं गॅरेज होतं आणि वकिलांची गाडी धुवायला तिथंच जाई. पाना धरायला शेषरावानं शिकवलं, गॅरेजच्या जागेसाठी शब्द शेषरावानं टाकला, लग्नही शेषरावानंच जुळवलं. "साडभाऊ, तुमी नसते तर मी बाजारात मेथी विकत असतो," असं तो चारचौघांत सांगायचा. ऐकताना शेषरावाची मान कलायची, जशी जास्वंदीची फांदी फुलाच्या वजनानं कलते.

दसऱ्याच्या आधी शेषरावानं गाडी तपासली, गिअरबॉक्सच्या सळीचा नट आवळला, रेघ ओढली. वकील गाडी घेऊन अकोल्याला गेले, ती फुलासारखी गेली. चौथ्या दिवशी जिनवाल्यांपैकी एका शेठजींना शेजारी बसवून फेरी मारली आणि गाडीनं अब्रू घेतली. खालचा गिअर सोडीचना. इंजिन किंचाळायला लागलं, रस्त्यावरचे बैल बुजले, आणि मग असा हिसका देऊन वरचा गिअर पडला, की शेठजींची पगडी मागं उडाली. शेठजी म्हणाले, "वकीलसाब, यही है आपका मिस्त्री?"

शेषरावाला कार्ड आलं. 'मिस्त्री, आपण ताबडतोब येऊन जावे.' कार्ड वाचून तो चरकला. गाडी बिघडली म्हणून नव्हे. सहा वर्षांत वकिलांनी त्याला पहिल्यांदाच 'आपण' म्हटलं होतं.

अकोल्याला तो आधी साडूकडंच उतरला. शकुनला सातवा महिना होता. पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या साडूले काई तरी सांगा बापा! मागल्या हप्त्यात माह्या करंड्यातलं सारं कुंकू घेऊन गेले. म्हने पूजेले पाह्यजे. जो मानूस कधी देवाले हात जोडत नाई, त्याले आताच काहून पूजा आठवली?"

ओमप्रकाश ताटात बघत हसला. शेषरावही हसला. त्याला वाटलं, बाप होणार म्हणून देव आठवला असेल.

वकिलांच्या आवारात तिघंही जिनवाले खुर्च्या टाकून बसले होते. शेषरावानं गाडीला हात लावण्याआधीच सोबत आलेला ओमप्रकाश म्हणाला, "आतल्या पट्ट्या जळल्या, साहेब. गिअरबॉक्स खोलाव लागते." शेषरावाला नवल वाटलं. न पाहता निदान करायला त्यानं याला कधी शिकवलं नव्हतं.

शेषरावाची तपासायची रीत वैद्याची होती. आधी रोग्याला बोलू द्यायचं. त्यानं गाडी दोन मैल फिरवून आणली, नुसता ऐकत. मग इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. थंड, बंद गाडीचं तेल खोटं माप सांगतं. तेल लाल, स्वच्छ होतं, फेस नव्हता. बोटावर घेऊन हुंगलं. पट्ट्या जळल्या असत्या तर तेल काळवंडलं असतं आणि करपलेल्या भाजीसारखं घाणलं असतं. "आतलं सारं साबूत आहे," तो म्हणाला. मग इंजिनाकडून येणारी रबरी नळी चाचपली. ती कुठं फुटली नव्हती. आता उरली एकच गोष्ट. पाय किती दाबला हे गिअरबॉक्सला सांगणारी ती सळी. तिची लांबी चुकली, की गिअरबॉक्सला वाटतं माणूस सारखा जोरात दाबतोय, आणि तो खालचा गिअर सोडत नाही.

शेषराव जमिनीवर उताणा झाला आणि आत सरकला. आटे मोजले, तर सळीचा नट दोन आटे फिरलेला होता. पण रेघ अखंड होती.

त्यानं रेघेवर बोट ठेवलं. बोट लाल झालं. शेंदूर वाळल्यावर बोटाला लागत नाही, आणि तो असा लालही नसतो, केशरी असतो. ही रेघ गरम लोखंडावर ओघळून तपकिरी पडली होती. कुंकू होतं. नट फिरवल्यावर नवी रेघ ओढावी लागते हे परक्याला माहीतच नसतं. ते फक्त त्याच्याजवळ बसून शिकलेल्याला माहीत. आणि कुणाच्या करंड्यातलं कुंकू कुठं गेलं, ते तर तासाभरापूर्वी पोळीबरोबर वाढलं गेलं होतं.

बराच वेळ शेषराव गाडीखालून निघाला नाही. वरून फक्त त्याचे पाय दिसत होते.

"सळीचा नट दोन आटे फिरला आहे," तो बाहेर येऊन म्हणाला.

वकील गुडघा धरून वाकले, आत पाहिलं. "रेघ तर जागेवर आहे, मिस्त्री. म्हणजे तुमच्यानंतर कुणी हात लावला नाही. तुमचाच साक्षीदार तुमच्याविरुद्ध बोलतो आहे."

शेषरावानं लाल बोट मुठीत धरलं. मूठ उघडली असती तर खड्डा त्याचा होता. पण सातव्या महिन्यातली शकुन सगळ्या अकोल्यात तोंड कुठं लपवणार? त्यानं साडूकडं पाहिलं. सांगायला वाट दिली. "फेरीच्या आधी चार दिस गाडी अकोल्यातच होती. ओमप्रकाशले विचारा, त्याले काही माहीत असंन."

ओमप्रकाशनं चपलेच्या अंगठ्याकडं पाहिलं. घसा साफ केला. शेषरावाला अजून वाटत होतं, बोलेल आता.

"काय सांगू साहेब," ओमप्रकाश म्हणाला, "साडभाऊचं वय झालं. नजर पह्यल्यासारखी राह्यली नाई. होते असं मानसाच्या हातून."

नट फिरवला तो एक वार होता. तो शेषरावानं गाडीखाली पडल्या पडल्या पचवलाही असता. हा दुसरा मात्र आरपार गेला. तो पुन्हा गाडीखाली सरकला. चिंधीनं कुंकू पुसलं, नट जागेवर आणला, खिशातल्या डबीतून स्वतःची रेघ ओढली. गाडी अशी चालली, की पापणी लवावी तसा गिअर पडला. वकील म्हणाले, "काम उत्तम. पण चूक कबूल न करणारा हेडमिस्त्री आम्हाला परवडायचा नाही." जागा ओमप्रकाशला मिळाली. सहा वर्षं जेवलेल्या भरिताची आठवण वकिलांना झाली नाही, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी असंही एवढ्या मोठ्या वकिलाला सुचलं नाही.

घरी शेषराव एवढंच म्हणाला, "शकुन बरी आहे." पण जयवंतानं धुवायला घेतलेल्या पिशवीतून ती लाल चिंधी निघाली. नवऱ्याच्या पिशवीत दुसऱ्या बाईचं कुंकू! दोन घटका जो गोंधळ झाला तो आळीनं कान लावून ऐकला, आणि मग शेषरावानं तिला हळूच सगळं खरं सांगितलं. जयवंताच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर आपल्याला कळलं. बहिणीला मात्र तिनं कधी सांगितलं नाही. करणीची आवई उठली, तेव्हा लोक शेषरावाला विचारत, "काय मिस्त्री, खरं का?" तो म्हणायचा, "हाव. झाली बा करनी." आणि पाना उचलायचा.

दोन वर्षांनी ओमप्रकाश लिंबाखाली उभा राहिला. वकिलांची गाडी ट्रकमागं दोराला बांधून आणली होती. शेषरावानं तेलाची पट्टी ओढली, हुंगली. या वेळी खरोखरच करपलेल्या भाजीचा वास आला.

"गिअरबॉक्स खोलला होता काय?"

"हाव साडभाऊ. थोडासाच."

शेषराव तीन दिवस पाठीवर लोळला. आतली जळकी पट्टी काढली, नवी घातली, सळी बसवली, नट आवळला. साडूला जेवू घातलं, शकुनच्या पोराची खुशाली विचारली. ओमप्रकाशचा जीव भांड्यात पडला. शेवटी शेषरावानं शेंदराची डबी उघडली, तसा तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "साडभाऊ, एक इनंती आहे. तेवढी रेघ मारू नका. वकील ओळखते. मी त्याहिले सांगून आलो, की काम मी करून राह्यलो. मी अकोल्याले गेलो की माह्या हातानं मारून घेतो."

शेषरावानं डबीचं झाकण लावलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

"हा शेंदूर घेऊन जाय. कुंकू बायकोच्या कपाळाले शोभते, नटाले नाई."