बरकत धरून की बरकत सोडून

आई गेल्याची बातमी दुबईत माझ्यापर्यंत पोचली, तेव्हा तिला माती देऊनही बरेच दिवस झाले होते. बोटीनं रत्नागिरी गाठता आली असती, पण आता कुणासाठी जायचं? साठच्या दशकातली ती वर्षं. मी दुबईच्या देरा भागात एका पेढीवर कारकून होतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत, आणि खाडीजवळच्या खोलीत श्रीवर्धनकडच्या एका चाचांबरोबर राहत होतो. चाचा पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते.

गुरुवारी आईच्या नावे फातिहा द्यायची आणि तिच्या हातासारखं काहीतरी पुढे ठेवायचं, एवढंच मला करता येण्यासारखं होतं. ती थंडीत बोरं गुळात शिजवायची. देऱ्याच्या बाजारातही तेव्हा बोरं आली होती.

अडचण मापाची होती. आई सगळं लाकडी मापट्यानं घ्यायची. बोरं शीग लावून, गूळ किसून, दाबून. इथे बोरं तराजूवर आणि गुळाची ढेपही तराजूवर. शेवटी दुधाच्या भुकटीचा एक डबा मिळाला, साधारण मापट्याएवढा. तो घेऊन मी दुकानात गेलो, बोरं भरून तोलून घेतली, मग घरून किसून नेलेला गूळ.

"मास्टर, लेना है कि खाली तौलना है?" दुकानदार म्हणाला. मागे उभे असलेले हसले.

शिगेसकट बोरं पाऊण रत्तल भरली, गूळ एक रत्तल. मला उगाच बरं वाटलं.

खोलीवर चाचांनी विचारलं, "एका मापट्या गुळाला बोरं किती?"

"तीन. बरकत, दोन, तीन."

आमच्याकडे मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, बरकत म्हणतात.

"बरकत, दोन?" चाचा म्हणाले. "अरे मास्तर, बरकत, एक, दोन, तीन, म्हणजे चार मापटी! बरकत अल्लाची, ती मोजायची नसते. तुम्ही रत्नागिरीवाले तीपण हिशेबात धरता काय?"

"धरतात आमच्याकडे."

"तुझी आई धरायची?"

मी आठवू लागलो. आई दिसत होती. घरंगळलेलं बोर परत शिगेवर ठेवणारा तिचा हात दिसत होता. "बरकत" ऐकू येत होतं, शेवटचं "तीन"ही. मधलं काही केल्या आठवेना. आणि हे ज्याला विचारावं असं एकच माणूस होतं.

"दोन्ही करू," चाचा म्हणाले. "खलास."

गुरुवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर फातिहा त्यांनीच वाचली. मी दोन्ही पातेली पुढे ठेवून शेजारी बसलो होतो.

"आता सांग. तिची कुठली?"

मी दोन्ही पातेल्यांतलं चाखलं. एक गोड, एक किंचित आंबट. दोन्ही चांगली झाली होती. इथली बोरं मोठी, पिठूळ.

"कळत नाही, चाचा."

त्यांनी टोमणा मारला नाही. दोन्ही पातेली उचलली आणि शेजारच्या खोल्यांत वाटायला गेले. दाराबाहेर कुणीतरी विचारलं, "किसकी फातिहा है?"

"हमारे मास्तर की माँ."

मग वाट्यांचे आवाज आले. कुणी चांगलं झालंय म्हणालं, कुणी अजून थोडं मागितलं. मी आत बसून ऐकत होतो. त्यांच्यातल्या एकानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं.