काकूंच्या पत्रांचं इंग्रजी

आमच्या शेजारच्या काकूंइतकं मन लावून सिनेमा पाहणारं माणूस डोंबिवलीतच काय, पार कसाऱ्यापर्यंत सापडणार नाही. त्यातही त्यांचा एक नेम आहे, सिनेमा बाईने दिग्दर्शित केलेला हवा. मानपाडा रोडला त्यांनी तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले, त्यामुळे त्यांची नजर आधी कपड्यांवर जाते. "पुरुषांच्या सिनेमात बाई झोपेतून उठते तरी निऱ्या जागच्या जागी," त्या म्हणतात. "अगं, त्यांनी कुणाला उठताना पाहिलंच नसतं. चहा समोर आला की मग ते उठतात." तिकीट खिडकीवर त्या हिरो कोण ते विचारत नाहीत, दिग्दर्शक कोण ते विचारतात. खिडकीतल्या मुलीला सांगता आलं नाही तर मागे रांग असतानाही तिला मोबाइलवर शोधायला लावतात. अशा वेळी मी जरा लांब जाऊन पॉपकॉर्नचे फलक वाचत उभी राहते.

असे सिनेमे आमच्याकडे येतात तेही चोरासारखे. ठाण्यात एखादा लागतो, सकाळी सव्वानऊला, आणि शुक्रवारी लागलेला मंगळवारी गायब झालेला असतो. एकदा कल्याणला गेलो तर आख्ख्या थिएटरात आम्ही दोघीच. पाच जण झाल्याशिवाय खेळ होणार नाही, असं मॅनेजरने सांगितलं. मी परत निघाले होते. काकू खाली गेल्या आणि दहा मिनिटांत तीन बायका घेऊन आल्या. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या दोन नर्स आणि कुकरची शिटी बदलून घ्यायला आलेली एक बाई. कुकरवाली मधूनमधून "ताई, मारामारी कधी हाय?" असं विचारत होती आणि नर्स सिनेमाच्या नावाची पाटी पडायच्या आधीच झोपल्या. मी त्यांना हलवायला गेले तर काकूंनी माझा हात धरला. "झोपू दे. बाईने काढलाय सिनेमा, दमलेल्या बायका झोपल्या म्हणून ती रागावणार नाही."

सिनेमा पाहून आल्या की काकू त्या दिग्दर्शिकेला पत्र लिहितात. काका म्हणतात, "जगातल्या सगळ्या बायांना चार-चार पानं. मला एकच ओळ, आमटी फ्रिजमध्ये आहे." पत्राचा मायना अगदी रीतसर. दिग्दर्शिका पन्नाशीच्या आतली असेल तर 'चि.', पुढची असेल तर 'ती.', आणि शेवटी अनेक आशीर्वाद किंवा साष्टांग नमस्कार. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "तुझी नायिका भांडण झाल्यावर कणीक मळते, हे बरोबर. पण इतक्या रागात मळलेली कणीक सैल होत नाही, घट्ट होते. पुढच्या वेळी बघ. मात्र सासरा घरात आला म्हणून तिने गाऊनवर ओढणी घेतली आणि तो गेला तरी काढायची विसरली, तिथे मी अंधारात रडले. मीही कित्येक वर्षं काढली नव्हती."

या दिग्दर्शिका मराठी वाचणाऱ्या असतातच असं नाही. म्हणून ही पत्रं इंग्रजीत करून पाठवायचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. "तुझी शाळा इंग्लिश मीडियम, तुला काय अवघड," काकू म्हणाल्या. पत्रं माझ्या ईमेलवरून जात, उत्तरही तिथेच येणार होतं, आणि खाली काकूंचं नाव मी मराठीतच टाइप करत असे.

अवघड काहीच नव्हतं. पण मी कणीक लिहायला घेतली की कोणीतरी मोठ्या शहरातली बाई ते वाचून हसते आहे, असं मला दिसायचं. ओढणी तर इंग्रजीत फारच उघडी वाटली. मी ते गाळलं. आशीर्वाद गाळले. 'डिअर मॅडम, आपला चित्रपट अतिशय आवडला. अभिनय आणि छायाचित्रण उत्कृष्ट.' इतकं नीटनेटकं लिहिलं की त्याला कोणी हसू शकणार नाही. मी काकूंना जपते आहे, असंच मला वाटत होतं. अशी मी बावीस पत्रं पाठवली.

उत्तर एकाचंही येत नव्हतं. काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आलं का गं काही?" एकदा त्या पायरीवर बसल्याच. म्हणाल्या, "मला शाबासकी नकोय. पण मी जे पाहिलं ते तिनेच तिथे ठेवलं होतं, की नुसतं मलाच दिसलं? एवढं एकदा कुणीतरी सांगायला हवं." आतून काका ओरडले, "तुलाच दिसलं!"

यंदा गणपतीच्या आधी उत्तर आलं, ओढणीवाल्या दिग्दर्शिकेचं. मी फोन हातात धरून पळतच गेले. काकांनी टीव्ही बंद केला. मी मराठी करून वाचलं, "आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार. असेच चित्रपट पाहत राहा."

"बरं. आणि ओढणीचं?"

"तेवढंच आहे, काकू."

"कणकेचं काही म्हणाली नाही? भांडायला तरी हवं होतं तिने."

"वेळ नसेल त्यांना."

"एवढं वाचून कुणी ओढणी सोडून देत नाही गं. माझं पत्र दाखव बघू."

काकूंना इंग्रजी येतं, फक्त सावकाश. त्यांनी फोनवर बोट ठेवून माझ्या तीन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. "हे मी लिहिलं?" आणि थोड्या वेळाने, "सगळीच अशी?" मी मान हलवली. एकही विनोद न सोडणारे काका उठून चहा टाकायला आत गेले.

"तुला माझी लाज वाटली का गं?"

मला लाज माझीच वाटते, कुठेही, कायम, हे सांगायला हवं होतं. मी "सॉरी काकू" म्हटलं. तो शब्द मला फार पटकन येतो.

पुढे दोन महिने त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांची मूळ पत्रं मी ठेवली आहेत, सगळी पुन्हा नीट करून पाठवते, असं मी दोनदा म्हणाले. "नको," त्या म्हणाल्या. "त्या बायका आता पुढच्या कामात असतील. आणि माझंही रडू तेव्हाचं होतं." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात त्यांनी बेल वाजवली. हातात पाकीट होतं. ठाण्याला सकाळच्या खेळाला त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या, केरळच्या एका मुलीचा पहिलाच सिनेमा बघायला. पत्र मराठीतच आहे म्हणाल्या.

"पण काकू, तिला मराठी कुठे येतं?"

"तिच्या शेजारी असेल की कोणी मराठी येणारी. नसली तर राहील पडून. पण जे पडून राहील ते माझं असेल." मग माझ्याकडे पाहून किंचित हसल्या. "तू फक्त पत्ता घाल. इंग्रजीत. आणि त्यातलं काही गाळू नकोस, बाई."

मी पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला, पिन कोड दोनदा तपासला. पाकीट त्यांनी आधीच डिंकाने कडेकडेने चिकटवून टाकलं होतं. पोस्टाच्या रांगेत मी ते बराच वेळ हातात धरून उभी होते. आजवरची बावीस पत्रं काकूंनी लिहिली तशी वाचलेली जगात मी एकटीच आहे. या तेविसाव्यात काय आहे, ते मला माहीत नाही.