उशाखालची कात्री

बोलायच्या आधी ती हात दाखवायची. दोन्ही हात समोर धरायचे, आधी तळवे, मग पाठ, मग बोटं वाकवून नखं. आणि म्हणायची, "आदी बघा, मंग बोला." समोर मी असो, तलाठी असो, की वाट चुकलेला कुणी पाहुणा. एकदा पोस्टमनने तिला नुसतं "काय आत्या, बरंय का?" एवढंच विचारलं, तर त्या बिचाऱ्यालाही तिने दहाच्या दहा नखं दाखवली होती.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. एखादी गोष्ट पटायला त्यांना वेळ लागतो, पण पटली की ती त्यांच्या अंगातच उतरते.

ती सुईण होती. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचतं, अशा एका गावात गावकुसाबाहेर तिचं घर होतं. सारा गाव तिच्या हातावर जन्मलेला, म्हणून गाव तिला आत्या म्हणायचा. म्हणजे अडलेली बाई मोकळी होईपर्यंत आत्या. नाळ कापून झाली की "ए बाई, तिकडनं जा." ती मागच्या दाराने यायची आणि मागच्या दाराने जायची. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं होती. मी पुण्याहून शिकून आलेली, बावीस वर्षांची, नव्या विकास गटाच्या आरोग्य केंद्रातली नर्स. मला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

त्या दिवसांत आमच्या केंद्रात परदेशातून कायकाय यायचं. मुंबईच्या बंदरातून निघालेला माल रेल्वेने भिगवणला उतरायचा आणि तिथून बैलगाडीने आमच्याकडे. सगळ्यांत आधी आली दुधाच्या पावडरीची पुठ्ठ्याची पिंपं. गरोदर बायांना आणि पोरांना ते दूध द्यायचं होतं. बाया भांडी घेऊन यायच्या आणि वास घेऊन परत जायच्या. "कंच्या म्हशीचं हाय, काय ठावं!" शेवटी आत्या पुढे झाली, सगळ्यांदेखत एक तांब्या घटाघटा प्यायली आणि तोंड पुसून म्हणाली, "गोऱ्या लोकांची म्हस गोरी आसंल, दूध काय काळं न्हाय." दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. मी चार दिवस भाषण करून जे झालं नव्हतं, ते तिने एका तांब्यात केलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, मला राग आला होता.

मग सुइणींना शिकवायचा हुकूम आला. आसपासच्या गावांतल्या सहाजणी महिनाभर केंद्रात येऊन बसायच्या. मी फळ्यावर चित्रं काढायची आणि त्या पान खात माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. धनुर्वाताचा धडा आला, तेव्हा मी घडाघडा सांगितलं, की विळ्याला माती असते, शेण असतं, त्या विळ्याने नाळ कापली की विष आत जातं आणि आठवड्याच्या आत बाळ ताठ होऊन दगावतं. गावात अशा बाळांना "सटवाईनं नेली" म्हणायचे.

बाकीच्या पाचजणी माना डोलवत होत्या.  वर्ग सुटला तरी आत्या जागची हलली नाही. मग म्हणाली, "बाय, म्हंजी ती इळ्यानं गेली व्हय?"

मी म्हटलं, "हो."

"माज्या आयनं माजी दोन लेकरं काढली. सातव्या दिशी गेली." मग तिने स्वतःचे हात उलटे-सुलटे करून पाहिले. "आन् ह्या हातानं मी किती काढली आसत्याल."

नर्सिंगच्या शाळेत मला सगळं शिकवलं होतं, पण अशा वेळी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी फळा पुसत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून ती हात दाखवू लागली.

महिना संपला आणि प्रत्येकीला एक पेटी मिळाली. ॲल्युमिनियमची चकचकीत पेटी, झाकणावर इंग्रजी अक्षरं. आत साबण, नखं घासायचा ब्रश, वाटी, मेणकापड, नाळ बांधायची दोरी, आणि मधल्या खाचेत एक कात्री. समुद्रापलीकडच्या कुणीतरी, कधी न पाहिलेल्या बायांसाठी ती पाठवली होती. आत्याने आंगठा उठवला, पेटी पदराखाली घेतली आणि वाटेत कुणालाही न दाखवता घरी नेली. गावाने तिचं नाव ठेवलं, साहेबाची पेटी.

पेटीचा पहिला पराक्रम झाला तात्यांच्या घरी. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार, कालव्याखाली त्यांचा ऊस. त्यांची सून अडली म्हणून आत्याला बोलावणं गेलं आणि मलाही. मी पोचले तर आत्या पेटी घेऊन पुढच्या दारात उभी, आणि उंबऱ्यात तात्यांची बायको, काकी.

"मागनं ये की गं. आज काय नवीन?"

"मी मागनं यीन, काकी. मला काय, सवं हाय. पर पेटी सरकारी हाय, साता समुद्रापल्याडनं आलीया. तिला गोठ्यातनं न्हेली आन् साहेबानं इचारलं, तर तात्यांचं नाव सांगू का?"

"मग दे ती हिकडं. तू मागनं ये."

"पेटी हातातनं सोडता येत न्हाय. आंगठा दिलाय मी."

आतून सुनेची किंकाळी ऐकू आली. काकी बाजूला झाल्या. आत्या पेटी छातीशी धरून पुढच्या दाराने आत गेली. आंगठ्याचा आणि पेटी हातातून सोडण्याचा काडीचा संबंध नव्हता, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले. त्यानंतर त्या गावात ती कुठेच मागच्या दाराने गेली नाही.

आत गेल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे पाणी उकळत ठेवणं. कात्री वीस मिनिटं उकळा, असं मी शिकवलं होतं, पण घड्याळ कुणाच्या घरी? तिने घरातल्या पोरीला शेरभर जोंधळे जात्यावर दळायला बसवलं. दळण संपेपर्यंत कात्री पाण्यातून काढायची नाही. मी खोडसाळपणे माझ्या घड्याळात बघितलं. पंचवीस मिनिटं भरली.

सगळं असं छान चाललं होतं आणि मग मला कळलं, की आत्याच्या पेटीत कात्री कधीच नसते.

आमच्याकडची रीत अशी. ज्या विळ्याने नाळ कापायची, तो विळा बाळाच्या उशाखाली ठेवायचा. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, तोवर तो हलवायचा नाही. बाळाला त्याची राखण असते. आता नाळ कात्रीने कापली, म्हणून बायांनी कात्रीच उशाखाली ठेवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे एकेका बाळंतपणानंतर साता समुद्रापलीकडची ती कात्री पाच दिवस हळदकुंकू लावून गोधडीखाली झोपलेली. आणि मध्येच दुसरीकडून बोलावणं आलं, तर आत्या त्या घरचा विळा घासूनपुसून उकळायची.

मी तिला फार बोलले. "आत्या, ही काय देव्हाऱ्यात मांडायची वस्तू आहे का? आजच्या आज घेऊन या."

तिने शांतपणे हात दाखवले. "आदी बघा, मंग बोला. बाय, पाचवीच्या आदी मी कात्री काढली, आन् त्या लेकराला सर्दीपडशानं जरी काय झालं, तर गाव काय म्हनंल? कात्री हलली म्हून झालं. मंग पुन्यांदा इळा. आन् बिनउकळलेला. मी पाच दिस गमावते, तुमी समदीच पेटी घालवाय निगालाय."

तिचं बरोबर होतं, पण ते तेव्हा मला पटलं नाही.

आणि नेमकी तपासणी आली. पेट्या पाठवणाऱ्यांकडच्या एक बाई स्वतः येणार, सोबत पुण्याचे साहेब. पेटीतली एकही वस्तू कमी असेल तर पेटी परत घ्यायची आणि सुइणीचं नाव कमी करायचं, असं पत्रात होतं. मी आत्याला निरोप धाडला. पण तपासणीच्या आदल्याच दिवशी कात्री तात्यांच्या धाकट्या सुनेच्या बाळाच्या उशाखाली गेली होती. पाचवीला चार दिवस बाकी.

जीप आली. गोऱ्या बाई साठीच्या असतील, डोक्याला फडकं बांधलेल्या, धुळीने माखलेल्या. सहाजणी ओळीने पेट्या उघडून बसल्या. आत्याच्या पेटीपाशी साहेब थांबले. तिच्या पेटीतली वाटी आरशासारखी लखलखत होती, ब्रश वापरून वापरून झिजला होता आणि मधली खाच रिकामी होती.

"कात्री कुठाय? विकली?"

आत्याने हात पुढे केले. साहेबांनी तिकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हिची पेटी जमा करा."

मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. पण माझी नोकरी नवी, साहेब मोठे, आणि मी जमिनीकडे बघत उभी राहिले. आत्याने पेटीचं झाकण लावलं. दोन्ही हात पेटीवर ठेवले, पण पेटी पुढे सरकवली नाही. म्हणाली, "विकली न्हाय. चला, दावते."

काय झालं असं गोऱ्या बाईंनी मला विचारलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी कसंबसं सांगितलं. त्या सरळ आत्याच्या मागे चालू लागल्या, म्हणून साहेबांनाही जावं लागलं. पुढे आत्या, तिच्या मागे गोऱ्या बाई, मग साहेब, मग मी आणि मागे अर्धा गाव, अशी ती वरात तात्यांच्या पुढच्या दाराने आत शिरली. काकींनी गोधडीचा कोपरा उचलला. टोपडं घातलेलं एवढंसं बाळ झोपलं होतं, आणि त्याच्या डोक्यापाशी हळदीकुंकवाने माखलेली कात्री.

गोऱ्या बाई खाली बसल्या. कात्रीला त्यांनी हात लावला नाही. बाळाजवळ वाकल्या. मग हळूच काहीतरी म्हणाल्या. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं.

"काय म्हनत्यात?" आत्याने माझा दंड धरला.

मी म्हटलं, "त्या म्हणतात, त्यांच्या गावीही अशीच रीत होती. त्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या आजीने त्यांच्या पाळण्यात कात्री ठेवली होती. बाळाला कुणी नेऊ नये म्हणून."

आत्याने एकदा त्या बाईंकडे पाहिलं आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! मंग त्यास्नी म्हनावं, ठावं व्हतं तर दोन धाडायच्या व्हत्या की!"

काकी हसल्या, मी हसले. भाषांतर ऐकून त्या बाई तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. निघताना त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. आत्याने सवयीने ते उलटून नखं दाखवली. त्या बाईंनीही मग आपली नखं तिला दाखवली. जीपच्या धुळीने ती काळी झाली होती. आत्या मला म्हणाली, "ह्यास्नी ब्रश द्या." हे मात्र मी भाषांतर करून सांगितलं नाही.

पेटी राहिली. दुसरी कात्री परदेशातून काही आली नाही, मीच बारामतीच्या बाजारातून एक आणून दिली. तर बाया हटून बसायच्या, "बारामतीची नगं, साहेबाची लाव." त्या गावात माझी आणखी तीन वर्षं गेली. मी होते तोवर आत्याच्या हातचं एकही बाळ ताठ होऊन गेलं नाही. परदेशच्या मदतीने आपलं भलं झालं की नुकसान, यावर वर्तमानपत्रांत लिहून येतं ते मी वाचते. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला एवढंच दिसतं, की ती पेटी घेऊन पुढच्या दाराने आत जायला कुणीतरी लागलं.

बदली झाली आणि गाव सुटलं. मग वालचंदनगरला पुतणीच्या लग्नाला गेले, तेव्हा मधे पुष्कळ वर्षं लोटली होती. वाट वाकडी करून मी आत्याच्या घरी गेले. आत्या दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिची सून मला ओळखत नव्हती, पण नर्सबाई म्हटल्यावर तिने खाली घोंगडी टाकली आणि आतून ती पेटी आणली. पोचे पडलेली, पण चकचकीत. मी झाकण उघडलं. वाटी होती, ब्रशाचं नुसतं लाकूड उरलं होतं. मधली खाच रिकामी.

 मी विचारलं, "कात्री गेली का गं?"

"जातीया कुठं? वरच्या आळीला हाय. परवा पाचवी."

"अजून घरीच करता बाळंतपणं?"

"न्हाय वो, समद्या इंदापूरला दवाखान्यात जात्यात. नाळ तितंच कापत्यात. कात्री निस्ती उशाला लागती. आत्याची कात्री म्हून घरोघर फिरती."

मी म्हातारी झाले तरी नर्सच. तोंडातून निघून गेलं, "उकळून देतेस ना?"

तिने हातातला तांब्या खाली ठेवला. दोन्ही हात माझ्यासमोर धरले. आधी तळवे, मग पाठ, मग बोटं वाकवून नखं.

"आदी बघा," ती म्हणाली.