हरवलेलं खरेदीखत

सुतारकाकांनी घरावरचं कर्ज मुदतीआधी फेडलं, तेव्हा बँकेच्या मॅनेजरनं उठून हात मिळवला. पण तारण ठेवलेलं मूळ खरेदीखत काही परत दिलं नाही. आधी ‘शोधतोय’, मग ‘दुसऱ्या शाखेत असेल’, आणि शेवटी ‘सापडत नाही’. मूळ कागदाशिवाय तिसऱ्या मजल्यावरचं घर कोणी विकत घेईना. ते विकून तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायची घाई होती, कारण काकूंचे गुडघे पार गेले होते. शेवटी काकांनी बँकेवर दावा लावला. त्याला सहा वर्षं झाली.

काकांनी जिन्याच्या दर वळणावर भिंतीला घडीची फळी बसवली होती. पहिली दोन वर्षं काकू फळीफळीवर टेकत, दम खात उतरायच्या. मग उतरणंच सुटलं. भाजीवालीशी बोलणंही खिडकीतून.

“शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,” त्या हसायच्या. “मी तर घराचीसुद्धा उतरत नाही. मग शहाणी कोण?”

काकाही हसायचे, आणि उगाचच भांडी आवरायला आत जायचे.

परवाची तारीख मात्र पक्की होती. त्याच मॅनेजरची साक्ष व्हायची होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून दहाच्या ठोक्याला कोर्टात हजर. पुकारा झाला तीनला. बँकेचे वकील उठले, “साहेब, साक्षीदार निवृत्त झालेत, परगावी असतात. मुदत मिळावी.”

काकांच्या वकीलबाई तडकल्या, “मागच्या वेळीच शेवटची संधी दिली होती!”

न्यायाधीश नवे होते, या दाव्यातले चौथे. त्यांनी पानं चाळली. “आता ही खरंच शेवटची,” म्हणाले आणि पाच महिन्यांनंतरची तारीख दिली.

काकांना राहवलं नाही. “साहेब, माझी बायको चार वर्षं खाली उतरली नाही हो.”

न्यायाधीशांनी वर पाहिलं. आवाज मऊच होता. “समजतं मला. पण काय ते वकिलांमार्फत सांगा.” तोवर पुढच्या दाव्याचा पुकारा झालाही.

घरी काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. “काय झालं?”

“मॅनेजर आलेच नाहीत. आता पाच महिन्यांनंतरची तारीख.”

“अगं बाई! बरे आहेत ना ते? वय झालं असेल त्यांचंही.”

काका चपला न काढताच उंबऱ्यावर बसून राहिले.

“पाच महिने काय, बघता बघता जातील,” काकूच त्यांची समजूत घालू लागल्या.