जंगली बदामाखालची जागा

माझ्या आत्याला कामावर सगळे ‘घाणवाली’ म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र किळस यायची, त्या नावाची आणि हाक मारणाऱ्यांचीही.

जुन्या वनस्पतीबागेत ती झाडलोट करायची. तिथली रीत अशी, की कामाला लागताना जे झाड आणि भोवतालची जी झुडपं वाट्याला येतील, ती निवृत्तीपर्यंत आपलीच. तिच्याबरोबर कामाला लागलेल्या मैत्रिणीला गुलाबाचे वाफे मिळाले, आत्याला जंगली बदाम. झाड देखणं, दोघांच्या कवेत न मावणारं. पण फुललं की सडक्या शेणासारखा वास. फुलं खालच्या जास्वंदीवर पडून कुजायची, त्यावर माश्या घोंघावायच्या. आत्या ती हाताने वेचायची. घरी आली की आतेभाऊ म्हणायचा, "आई, आधी आंघोळ, मग माया." देवाने त्या फुलांना असा वास का दिला, ते त्यालाच ठाऊक.

निवृत्तीआधी थोडे दिवस तरी गुलाबांत काम करायचं, एवढीच तिची इच्छा. दर वर्षी ती साहेबांना विचारायची, साहेब "बघू" म्हणायचे.

मग नवे साहेब आले. फिरायला येणाऱ्यांनी वासाच्या तक्रारी केल्या होत्या. हेच लोक त्या बुंध्यावर नावं कोरायचे, जास्वंदीत थुंकायचे, आडोशाला उभे राहायचे. साहेबांनी आत्याला विचारलं, झाडाचा खरंच एवढा त्रास आहे का? झाड गेलं की आपण सुटलो, असं धरून ती म्हणाली, "त्रास कसला साहेब, नरक आहे नुसता."

त्यांना तेवढंच हवं होतं. झाड पडलं, जास्वंदही उपटली. आत्याने जुने हातमोजे फेकले आणि काट्यांसाठी नवे जाड घेतले.

मोकळ्या जागेत संडास बांधले. आत्या गुलाबांकडे निघाली, तर मुकादमाने अडवलं. म्हणाला, "झाड गेलं बाई, जागा कुठे गेलीय? ती तुमचीच."

मी एकदा तिला भेटायला गेले. दारातच मी ओढणी नाकाला लावली. भिंतीवर पिचकाऱ्या, फरशीवर काय होतं ते सांगवत नाही. आत्या नवे हातमोजे घालून घासत होती. नाकाला रुमालही नव्हता. विचारलं तर म्हणाली, "ते झाड वर्षातून एकदा फुलायचं गं. हे रोज फुलतंय, किती दिवस नाक बांधू?"

मागे उरलेल्या खुंटाला कोवळा कोंब फुटला होता. संडास रिकामे असून एक सद्गृहस्थ नेमका त्याच्यावरच धार सोडत उभा. आत्याने बादली उचलली, मागे गेली आणि ते घाण पाणी त्याच्या बुटांवर ओतलं.