खेकडा आणि उजव्या खांद्यावरचा पदर

मत्सर करावा तर माझ्यासारखा! त्यात माझा हात धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत मला अजून भेटलेला नाही.

डोंबिवलीत आमचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, सतरंजीवर जुन्या गाड्यांचे, इंजिनांचे, सिग्नलचे काळेपांढरे फोटो मांडायचे आणि भिंग लावून भांडायचं. नियम एकच. ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं, आणि फोटो पालथा करून मागचा मजकूर कुणी वाचायचा नाही. इंजिन कुठलं, स्टेशन कुठलं, गाडी कुठे निघालीय, हे बाकीच्यांनी ओळखायचं. मग पंचाने निकाल द्यायचा आणि त्यानंतरच फोटो पालथा करायचा.

पंच अर्थात मी. चहाचा पहिला कप माझा, खिडकीजवळची खुर्ची माझी.

मग कळव्याहून एक गृहस्थ आले. मृदू बोलणारे, इस्त्रीचा शर्ट घालणारे, आणि सोबत वडिलांनी काढलेल्या फोटोंची ट्रंक! अशी ट्रंक माणसाकडे असावी, पण ती माझ्याकडे असावी. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात फोटो काढले ते फक्त लग्नातल्या पंगतींचे. गृहस्थांनी ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसचं धुराडं आणि त्याखाली वाफेचं इंजिन असा फोटो ट्रंकेतून बाहेर काढला, तेव्हा सगळे "वा!" म्हणाले. मीही म्हणालो. माझा "वा" जरा आंबट निघाला. हळूहळू लोक निकालाच्या वेळी माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघायला लागले. खुर्ची डळमळतेय हे मला कळत होतं.

आणि एका रविवारी त्यांनी खेकडा आणला. खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन, पुढे-मागे लांब नाकाचं, चाकांच्या बाजूला खेकड्याच्या नांग्यांसारखे दांडे हलवत चालणारं. फोटोत ते मालगाडी घेऊन अंगावर येत होतं. एका माणसाच्या छत्रीआड इंजिनाचा नंबर लपला होता आणि फलाटावर एक बाई ट्रंकेवर बसली होती. इतका देखणा फोटो मी पाहिला नव्हता. माझं पोट दुखायला लागलं.

"आंबिवली," सगळे एकमताने म्हणाले. "गाडी कसाऱ्याकडे."

मी भिंग हातात घेतलं. इंच इंच शोधलं. काहीतरी चूक सापडायलाच हवी होती. आणि सापडली! मी उठून उभा राहिलो, खुर्ची मागे सरकवली.

"मंडळी, हा फोटो उलटा छापलाय. निगेटिव्ह पालथी पडून डावं-उजवं बदललंय. त्यामुळे गाडी कसाऱ्याकडे नव्हे, कल्याणकडे चाललीय!"

"कशावरून?" गटातल्या एकमेव बाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका.

"पदर! पदर बघा! उजव्या खांद्यावर आहे!"

बाईंनी चष्मा वर केला. "अहो पंच, ती गुजराती पद्धतीने नेसलीय. पदर मागून पुढे आलाय उजव्या खांद्यावरून. तुमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका लग्नाला अशाच नेसून येतात की. बघत नाही का कधी?"

"कसं बघणार?" कुणीतरी म्हणालं. "पंच आहेत, घरी निकाल वहिनी देतात."

हशा पिकला. तो ओसरल्यावर कळव्याचे गृहस्थ अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखे म्हणाले, "साहेब, आणखी एक. आपल्याकडे गाडी तिच्या डाव्या हाताच्या रुळावरून धावते. ही तशीच धावतेय. उलटा छापला असता तर उजव्यावर दिसली असती."

खरंच की! जन्मभर रूळ बघितले आणि त्या दिवशी साडी बघत बसलो.

फोटो पालथा केला. मागे लिहिलं होतं: आंबिवली, कसाऱ्याकडे.

पुढच्या महिन्याच्या रविवारी खुर्ची त्यांना मिळाली, चहाचा पहिला कपही. मला त्यांनी ब्राउन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. उघडलं तर तोच खेकडा, मोठा करून, फ्रेम लावून, मुद्दाम उलटा छापलेला.

"पंचांच्या निकालाप्रमाणे," ते म्हणाले. त्या मृदू माणसात एवढा खट्याळपणा असेल असं वाटलं नव्हतं. मला तोही हवासा वाटला.

मी फ्रेम माझ्या हॉलमध्ये लावली. आणि गंमत बघा. गटात नवा माणूस आला की त्याला आधी माझ्याकडे आणतात, फोटोसमोर उभा करतात. "काय चुकलंय सांगा." तो रूळ सोडून सगळीकडे बघतो. मी चहा पीत बघत बसतो. हल्ली रविवारही बहुतेक माझ्याकडेच ठरतो.

परवा गृहस्थ बराच वेळ फ्रेमसमोर उभे होते. मग घसा खाकरून म्हणाले, "हा थोडे दिवस घरी नेऊ का? म्हणजे तसा माझाच फोटो आहे."

"तुमचा सरळ," मी म्हणालो. "उलटा माझा."

त्यांचा चेहरा किंचित आंबट झाला. मी खुशीत त्यांना दुसरा कप चहा दिला.